मायकोरायझामुळे, म्हणजे मुळं आणि बुरशीच्या सहजीवनामुळे, झाडाच्या मुळांतली रसायनं खरंच बदलतात, की फक्त फॉस्फरस जास्त मिळतो?

खरंच बदलतात. पॉप्लर हे झाड आणि लॅकॅरिया बायकलर ही बुरशी यांच्या जोडीत हे चांगलं तपासलेलं आहे. बुरशी एमआयएसएसपी७ नावाचं छोटं प्रथिन मुळांच्या पेशींत सोडते. त्यामुळे जॅस्मोनिक आम्ल या झाडाच्या संप्रेरकाचा बचावाचा इशारा दबतो आणि पेशींच्या मधून तिला वाट मिळते. या बुरशीकडे सुक्रोज (झाडातली साखर) फोडणारं इन्व्हर्टेज हे विकर नाही. ते काम झाडच करतं, मग ग्लुकोज घेऊन ती त्याचं ट्रेहॅलोज ही वेगळी साखर वगैरे बनवते. मुळांच्या अर्कात ट्रेहॅलोज वाढलेलं दिसलं तर ते बहुतेक बुरशीचं असतं, झाडाचं नव्हे. इथेच बरेच जण फसतात. नीलगिरीवर पिसोलिथस बुरशी हायपॅफोरिन नावाचं संयुग सोडते. ते ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या आड येतं आणि मूलरोमांची वाढ खुंटते.

मात्र हे सगळं बाह्यमायकोरायझाचं, म्हणजे पेशींच्या आत न शिरता त्यांच्या मधून वाढणाऱ्या बुरशीचं. आंबा, सागाच्या मुळांत आर्बस्क्युलर (पेशींच्या आत शिरणारी) बुरशी असते, तिचा रसायनखेळ वेगळा: कॅरोटिनॉइड (पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं) तुटून बनणारी संयुगं वाढतात, मक्यात तर त्यांनी मुळं पिवळी दिसतात. आणि स्फुरदाचा (फॉस्फरसचा) भारी डोस दिलात तर ही बुरशी मुळांत फारशी शिरतच नाही.