रोजच्या फिक्स्ड गिअरसाठी टिकाऊ चाकं कोणती घ्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिक्स्ड गिअरची सायकल (चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतंच), रोजचं २० किलोमीटर जाणं-येणं, वजन ८५ किलो, पुढे एक ब्रेक, मागचं चाक सारखं आऊट (वाकडं) होतंय, सहा महिन्यांत तीन स्पोक तुटले. मग आता डीप (उंच कडेच्या) रिमचा तयार सेट घ्यावा का?

नका घेऊ. निदान त्या कारणासाठी तरी नको. डीप रिम कमजोर नसते, उभ्या दिशेने ती साध्या रिमपेक्षा ताठच असते. पण तुमची चाकं रिममुळे खराब होतच नाहीयेत.

मीही एकदा दिसण्यावर भाळून असा सेट घेतला होता. रिमला शेवटपर्यंत ओरखडाही आला नाही. गेले ते हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, आटे. एका चौकात वेग कमी करायला पाय मागे रेटले, तर पायाला नेहमीचा विरोध लागायच्या जागी कट्ट आवाज आला आणि पेडल रिकामंच फिरलं. पुढचा ब्रेक होता म्हणून निभावलं. घरी चाक काढलं तर कॉग (मागचं दातेरी चक्र) हातात अलगद आला आणि त्याच्या आत ॲल्युमिनियमची चकचकीत कुरळी किसं अडकलेली. चूक माझीच होती. कॉग बसवताना लॉकरिंग (कॉगला बाहेरून अडवणारी रिंग) पान्याने आवळलंच नव्हतं, हाताने फिरवून 'झालं' म्हणून सोडून दिलं होतं.

फिक्स्डच्या चाकात सगळ्यात जास्त मार खाते ती हीच जागा, आणि चाकं निवडताना तिच्याकडेच कोणी बघत नाही. कॉगचे आटे उजवे असतात, त्यामुळे पेडल पुढे मारलं की तो घट्ट होतो. मागे रेटलं की सुटायला बघतो. त्याला अडवतं लॉकरिंग. त्याचे आटे मुद्दाम डावे ठेवलेले असतात, म्हणजे कॉगने सुटता सुटता त्याला सोबत फिरवलं तरी ते आवळलंच जातं. कॉग जरा जरी ढिला राहिला, तर प्रत्येक वेळी मागे-पुढे होत तो हबचे मऊ आटे किसत जातो. म्हणून हब घेताना पहिली गोष्ट बघा: कॉगसाठी आणि लॉकरिंगसाठी असे दोन टप्प्यांचे आटे आहेत ना. नुसत्या फ्रीव्हीलच्या (पाय थांबले तरी चाक फिरतं त्या) हबवर कॉग चढवून त्यामागे बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या आसाच्या बेअरिंगची) रिंग आवळायची किंवा आटे चिकटवणारं द्रव लावायचं, हा जुगाड कोणी सुचवला तर हात जोडा आणि निघा. तिथे डावे आटेच नसतात.

बसवायची पद्धतही सांगतो, कारण चांगला हब वाईट बसवण्याने जातो. आटे पुसून ग्रीस लावा. कॉग हाताने सरळ चढवा, तिरका चढला तर तिथेच थांबा. मग चेन व्हिपने (साखळीचा तुकडा लावलेल्या दांड्याने) जोर लावून आवळा, त्यावर लॉकरिंग हुकच्या पान्याने. नंतर एखादा चढ उभं राहून चढा, त्या फेरीत थांबायला फक्त हाताचा ब्रेक वापरा. घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळून बघा. बहुतेक वेळा ते अजून थोडं फिरतंच, कारण चढावर कॉग आणखी आत सरकलेला असतो.

बेअरिंग सीलबंद कार्ट्रिजची घ्या. छर्रे आणि कोनवाले हबही वर्षानुवर्षं चालतात, पण ते वेळच्या वेळी उघडून ग्रीस भरणाऱ्यासाठी आहेत. आपण भरणार नाही, हे आपल्याला माहीत असतं.

आता तुमचे तुटलेले स्पोक. ते कुठे तुटले होते? हबजवळच्या वाकलेल्या कोपऱ्यात तुटले असतील, तर जवळजवळ नक्की ताण कमी होता. लोकांना वाटतं स्पोक जास्त ताणल्याने तुटतो. होतं बहुतेक उलटंच. चाकाच्या तळाशी येणारा स्पोक प्रत्येक फेऱ्यात थोडा सैल पडतो. मुळात ताण कमी असेल तर तो पूर्ण ढिला होऊन कोपऱ्यात हलतो आणि धातू थकतो. २० किलोमीटरमध्ये चाक नऊ हजारांहून जास्त वेळा फिरतं, म्हणजे रोज एवढे हेलकावे. त्यात तीन तुटले म्हणजे बाकीचेही त्याच वाटेवर आहेत. एकेक बदलत बसू नका. रिम सरळ असेल तर तीच ठेवा, स्पोक सगळे नवे घ्या.

फिक्स्डवाल्यांचं एक नशीब मात्र चांगलं आहे. गिअरच्या सायकलला मागे कॅसेटसाठी जागा सोडावी लागते, म्हणून उजवीकडचे स्पोक उभे आणि घट्ट, डावीकडचे सैल, असा दुजाभाव असतो. आपल्या १२० मिलिमीटरच्या हबला तो जवळपास नाही, दोन्हीकडचा ताण सारखा ठेवता येतो. ही फुकट मिळालेली ताकद वाया घालवू नका: मागे ३६ स्पोक, तीन क्रॉसची वीण (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडतो), मध्ये बारीक होणारे २.०-१.८-२.० मिलिमीटरचे बटेड स्पोक आणि पितळेची निपलं (स्पोक रिमला धरणारे छोटे नट). बारीक मध्यभाग थोडा लवचिक असतो, त्यामुळे धक्क्यात स्पोक पटकन ढिला पडत नाही. पुढे ३२ पुरे. तयार सेटमधले २०-२४ स्पोक ८५ किलोला रोजच्यासाठी मी घेणार नाही.

रिम दुहेरी भिंतीची, बेताच्या उंचीची, आतून १७ ते १९ मिलिमीटर रुंद, बस. पुढच्या रिमला ब्रेकसाठी घासलेली सपाट कड आहे का, ते मात्र बघा. काही ट्रॅक (शर्यतीच्या धावपट्टीसाठीच्या) रिम्सना ती नसते आणि रंगावर ब्रेक नीट धरत नाही.

मशीनवर बांधलेलं स्वस्त चाक घेतलंत तरी चालेल, पण ते तसंच वापरू नका. एका बाजूचे स्पोक बोटाने छेडत जा. एक 'टण्' वाजतोय आणि शेजारचा 'थप', तर ताण विषम आहे. नुसता आऊट काढून घेऊन हे सुटत नाही, चाक वरून सरळ दिसतं आणि आतून बेसूर राहतं. कारागिराला ताण मोजून सारखा करायला सांगा. बऱ्याच रिम्सना १०० ते १२० किलोचा ताण चालतो, रिम बनवणाऱ्याची मर्यादा पाहून घ्या. शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा दाखवा.

राहिला टायर. फ्रीव्हीलवाला खड्डा दिसला की पेडल समपातळीत आणून बूड उचलतो. आपले पाय फिरतच असतात, त्यामुळे बरेचसे खड्डे आपण बसूनच खातो आणि ते मागचं चाक झेलतं. फ्रेममध्ये जागा असेल तर २३ किंवा २५ सोडून २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर टाका. माझ्या मते चाक वाचवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणि स्किड करत असाल, म्हणजे पाय रोखून मागचं चाक घसरवत थांबत असाल, तर दात मोजा. पुढे ४८ ला मागे १६ म्हणजे बरोबर तीनपट, टायर प्रत्येक स्किडला त्याच एका जागी घासणार. तोच कॉग १७ चा केलात की घासायच्या जागा १७ होतात.