हॉलसाठी प्रोजेक्टर घ्यावा की ५५ इंची टीव्ही?

दिवसा मॅच, संध्याकाळी मालिका असं रोजचं बघणं असेल तर सरळ टीव्ही घ्या. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, भिंत जेवढी काळोखात तेवढाच त्याचा काळा, त्यामुळे खिडकीचा पडदा जरा सरकला की रात्रीचे सीन पार फिके पडतात. आणि स्वस्तातल्या प्रोजेक्टरच्या '४के सपोर्ट'ला भुलू नका हां, तो फक्त ४के सिग्नल घेतो, नेटिव्ह, म्हणजे त्याचं स्वतःचं खरं रिझोल्यूशन, बऱ्याचदा ७२०पीच (४केपेक्षा खूपच कमी) असतं, तेव्हा नेटिव्ह रिझोल्यूशन आणि एएनएसआय ल्युमेन्स (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) विचारूनच घ्या. १०० इंची चित्राला १.२ थ्रो रेशोवाला (म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतर लागणारा) प्रोजेक्टर भिंतीपासून साधारण पावणेनऊ फूट लांब ठेवावा लागतो, जागा मोजून बघा. खोली पूर्ण अंधारी होते आणि रात्री पिक्चरच बघायचेत? मग प्रोजेक्टरच, बिनधास्त, फक्त स्पीकर वेगळा लावा.