फ्यूजनची वीज येईल तेव्हा येईल, पण नोकरी?

प्रश्न: मुलगी सांगलीत बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकांनी कोंडून धरणारं फ्यूजनचं यंत्र; त्याच्या कडेच्या प्लाझ्मातल्या टर्ब्युलन्सचं (खळबळीचं) सिम्युलेशन शिकायचं म्हणते. मी म्हणतो एमसीए कर. फ्यूजनची, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून मिळणारी वीज अजून कुठेच नाही, मग यात पोटापाण्याचं काय?

उत्तर: वीज नाही, हे खरंच. होमी भाभांनी 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत दोन दशकांत मार्ग सापडेल असं म्हटलं होतं; ती मुदत केव्हाच टळली. पण तुमच्या मुलीने धरलेला प्रश्न वीज यायच्या आधी सुटावा लागतो, त्यामुळे त्याचं काम आज आहे.

फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या गाभ्यात सुमारे 15 कोटी अंश तापमान अपेक्षित आहे आणि भिंत तिथून जेमतेम दोन मीटरवर! कडेने निसटलेली उष्णता टंगस्टनच्या डायव्हर्टरवर, म्हणजे ती झेलणाऱ्या भागावर पडते. चौरस मीटरला साधारण 10 मेगावॅट त्याला सतत सोसतं. उष्णता किती रुंद पट्ट्यात पसरेल हे बऱ्याच अंशी कडेचा टर्ब्युलन्स ठरवतो. गाभ्यातले चढउतार सरासरीच्या मानाने किरकोळ असतात, म्हणून ते वेगळे काढून गणित मांडता येतं. कडेला मात्र चढउतार सरासरीइतकेच मोठे. प्लाझ्माचे गोळे, म्हणजे ‘ब्लॉब’, सुटून भिंतीकडे फेकले जातात. त्यात भिंतीजवळचा वायू आणि चुंबकीय रेषांची वेडीवाकडी रचना. म्हणून सुपरकॉम्प्युटर लागतात. 1982 मध्ये जर्मनीत गार्खिंगच्या अ‍ॅस्डेक्स यंत्रात उष्णता वाढवताच कडेची खळबळ एकाएकी शमली आणि प्लाझ्मा जास्त चांगला टिकला. हे नेमकं केव्हा घडेल, याचं भाकीत समीकरणांतून अजून चोख करता येत नाही.

हे करणाऱ्याला सी++ किंवा फोरट्रान, समांतर प्रोग्रॅमिंग आणि आपलं उत्तर चुकलंय का हे तपासण्याची सवय लागते. हवामान, विमान, वाहन अशा सगळ्या क्षेत्रांत ती चालते. एमसीएत प्रोग्रॅमिंग शिकवतील, या सिम्युलेशनला लागणारी आंशिक विकलक समीकरणं (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) नाही.

आता कडू भाग. एमएस्सीनंतर पीएचडीची पाच-सहा वर्षं फेलोशिपवर काढावी लागतात, कायमच्या जागा थोड्या, परदेशी जावं लागण्याची शक्यता बरीच. दोन वर्षांत तिच्या पगाराची घराला गरज असेल तर तुमचं एमसीए बरोबर आहे, आणि तसं तिला सरळ सांगा.

गरज नसेल तर आधी एक करून बघा. ‘बाउट++’ हा याच कामाचा मोफत, खुला कोड आहे. त्यातलं हासेगावा-वाकातानी या कडेच्या टर्ब्युलन्सच्या सोप्या समीकरणांचं उदाहरण साध्या लॅपटॉपवर चालतं. तिने ते लिनक्सवर चालवावं, गणनेच्या बिंदूंची जाळी बारीक करून उत्तर बदलतं का ते पाहावं. इन्स्टॉल करतानाच वैतागली तर बोलणं संपलं. रमली तर एमएस्सीबरोबर जेस्टची (पीएचडी प्रवेशाच्या परीक्षेची) तयारी सुरू करावी. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य-यू आणि एसएसटी-1 हे दोन टोकामॅक आहेत, तिथे पीएचडी करता येते.