वाचकांचे प्रश्न : पीआरव्हीच्या जागी टर्बाईन

प्रश्न : ताई, इचलकरंजीत आमचं प्रोसेस हाऊस, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना आहे. बॉयलर ताशी ६ टन वाफेचा, दाब साडेदहा किलो. जेट (कापड रंगवायचं यंत्र) आणि ड्रायरला वाफ लागते साडेतीन किलोची, म्हणून मध्ये पीआरव्ही, म्हणजे दाब उतरवणारा व्हॉल्व्ह आहे. रोज साधारण २० टन ब्रिकेट (शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या कांड्या) जळतात, तीन पाळ्या चालतात. एक विक्रेता म्हणतो, पीआरव्ही काढून छोटं टर्बाईन बसवा, १५० किलोवॉट वीज फुकट मिळेल, ८५ लाखांचं यंत्र दहा महिन्यांत फिटेल आणि वर सरकारी अनुदान आहेच. महावितरणचं युनिट आम्हाला साडेआठ रुपयांना पडतं, ब्रिकेट सात रुपये किलोने पोच मिळतं. घ्यावं का?

उत्तर : दादा, कल्पना चांगली आहे आणि तुमच्यासारख्या कारखान्याला ती शोभतेही. एकाच वाफेतून आधी वीज, मग उष्णता काढायची, यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते. तिथे मी लहानपणीच पाहिलं, की उसाचा रस उकळायला जाणारी वाफ आधी टर्बाईन फिरवून जाते. तुमच्या पीआरव्हीत वाफेची उष्णता हरवत नाही, वाया जाते ती तिच्या दाबातली काम करण्याची ताकद. टर्बाईन नेमकी तीच पकडतं.

पण विक्रेत्याचे आकडे तुमच्या कारखान्याचे नाहीत, बॉयलरच्या पाटीवरचे आहेत. हिशेब तुमच्याच ब्रिकेटवरून करू. एका किलो ब्रिकेटला पावणेपाच किलोच्या आसपास वाफ धरली, तर रोजच्या २० टनांतून ताशी सरासरी चारच टन वाफ निघते, सहा नव्हे. चार टन वाफ साडेदहावरून साडेतीन किलोवर आणली, की लहान टर्बाईनमधून ९० किलोवॉटच्या आसपास वीज मिळेल. दीडशेची आशा सोडा.

ती फुकटही नाही. टर्बाईनने काढून घेतलेली ऊर्जा पुढे जेटकडे जाणाऱ्या वाफेत कमी पडते, ती भरून काढायला बॉयलरला थोडं जास्त जाळावं लागतं. माझ्या अंदाजाने युनिटमागे ३३० ग्रॅम ब्रिकेट, म्हणजे सव्वादोन-अडीच रुपये. देखभालीचे पन्नास पैसे धरा. तरी एका युनिटमागे साडेपाच रुपयांच्या वर राहतात. महिन्याला ५० हजार युनिटं धरली, तर पावणेतीन लाखांची बचत. ८५ लाख दहा महिन्यांत नाही फिटणार, अडीच वर्षांच्या पुढे जातील. माझ्या मते ही गुंतवणूक तरीही चांगलीच. फक्त बँकेचा हप्ता दहा महिन्यांच्या स्वप्नावर ठरवू नका.

आता अनुदान. ऊर्जा दक्षता ब्यूरोची 'एडीईईटीआयई' ही योजना १५ जुलै २०२५ ला पानिपतमध्ये सुरू झाली. एकूण तरतूद १००० कोटी, कालावधी २०२५-२६ ते २०२७-२८. चौदा उद्योगक्षेत्रं घेतली आहेत, त्यांत वस्त्रोद्योग आहे. पण हा हातात येणारा धनादेश नाही. कर्जाच्या व्याजात सवलत मिळते, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के. तुमची यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींच्या आणि उलाढाल १०० कोटींच्या आत असेल, तर १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे तुम्ही लघु उद्योगात बसता. उद्यम नोंदणीवर तेच लिहिलंय ना, ते आजच बघा. ७० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास सवलत होईल, पुढे मुद्दल घटेल तशी ती घटेल. योजना टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या औद्योगिक समूहांत राबवली जाते, म्हणून इचलकरंजी सध्याच्या यादीत आहे का, हे ब्यूरोच्या पोर्टलवर किंवा पुण्यातल्या महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेकडे विचारून घ्या.

आणि इथेच एक गाठ आहे, जी कोणी विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. या योजनेत किमान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे. तुमच्या फाटकाच्या आतला हिशेब मांडला, तर टर्बाईनमुळे महावितरणची वीज कमी येईल, पण ब्रिकेट वाढतील. एका युनिटची वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, आणि तिच्यासाठी तुम्ही जास्तीचं जाळणार साडेबाराशे किलोकॅलरींचं इंधन. कागदावर ऊर्जा वाचण्याऐवजी वाढलेली दिसू शकते! देशाच्या दृष्टीने बचत खरी आहे, कारण कोळशाच्या वीजकेंद्रात तेच युनिट बनवायला याच्या जवळपास दुप्पट उष्णता लागते. म्हणून ऊर्जा लेखापरीक्षक बचत कोणत्या हिशेबाने मोजणार, हे अर्जाआधी लेखी विचारा.

मी तुमच्या जागी असते, तर टर्बाईन दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं असतं. पहिला कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंडावून झालेलं पाणी. ड्रायरमधून आणि जेटच्या कॉईलमधून निघालेलं गरम पाणी गटारात जातंय का? बॉयलरला पाणी आज किती अंशांवर जातं? बॉयलरला जाणारं पाणी ६ अंशांनी तापलं की इंधन एक टक्क्याने वाचतं. पस्तिसावर असलेलं पाणी ऐंशीवर नेलं, तर सात टक्के तिथेच निघाले. मग स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारी झडप), फ्लँजवरचं, म्हणजे पाइपांच्या जोडावरचं इन्सुलेशन, धुराड्यातून जाणारी उष्णता. दहा टक्क्यांची अट या कामांतून सहज गाठता येते, आणि टर्बाईनही त्याच प्रकल्पात बसवता येतं का, ते लेखापरीक्षकाशी बोलता येतं.

क्रम उलटा केलात, तर फसाल. हे मी अनुभवाने सांगते. २०११ मध्ये एका प्रोसेस हाऊसला मीच टर्बाईन सुचवलं, वाफेचा मीटर न लावता, लॉगबुकावर विसंबून. पुढच्या वर्षी त्यांनी ट्रॅप बदलले, कंडेन्सेट परत आणलं, आणि वाफेची गरज ताशी पाऊण टनाने घटली. टर्बाईन त्यांना मोठं झालं. अर्ध्या भारावर चालणारं यंत्र निम्म्यापेक्षाही कमी वीज देतं. मालकांनी मला कधी बोल लावला नाही, पण ती चूक माझी होती. तेव्हापासून मी महिनाभर मीटर लावल्याशिवाय कुणालाही आकार सांगत नाही. तुम्हीही आधी मीटर लावा. सणासुदीचे, मंदीचे, मागावरचं कापड न आल्याचे दिवस त्यात येऊ द्या.

अजून दोन गोष्टी. मंजुरीआधी यंत्राची ऑर्डर देऊ नका. खरेदीची तारीख अर्जाच्या आधीची निघाली म्हणून परत आलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. आणि जनित्र महावितरणच्या पुरवठ्याला जोडायचं, तर विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते. ते काम विक्रेता करणार की तुम्ही, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात आमची उसना तांदळाची मिल आहे. कोंड्यावर वीज केली, तर मेगावॉटला ४० लाखांचं अनुदान मिळतं असं ऐकलं. साखर कारखान्यांनाच मिळतं ना ते?

उत्तर : उलट आहे. साखर कारखान्यांच्या बगॅसला, म्हणजे उसाच्या चोथ्याला, २०१८ च्या योजनेत मेगावॉटला २५ लाख होते, तेही बाहेर विकलेल्या जादा विजेवर. २ नोव्हेंबर २०२२ ला आलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ४० लाखांचा दर बगॅस सोडून इतर जैवभारावरच्या सहवीजनिर्मितीसाठी आहे, एका प्रकल्पाला कमाल ५ कोटी. धानाचा कोंडा, म्हणजे तूस, त्यातच बसतो. पण ४० लाख एका मेगावॉटला आहेत, हे विसरू नका. तुम्ही ३०० किलोवॉट बसवले तर १२ लाख. पहिला टप्पा २०२५-२६ पर्यंतचा, म्हणून आज काय चालू आहे ते महाऊर्जेकडून खात्री करूनच बँकेत जा.

तुमच्याकडे धान भिजवायला आणि वाळवायला वाफ लागतेच, ही मोठी जमेची बाजू. धानाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका कोंडा निघतो. आज तो तुम्ही विकता की जाळता? विकत असाल, तर त्याचा भाव हिशेबात इंधनखर्च म्हणून धरा, घरचा म्हणून शून्य धरू नका. आणि कोंड्याच्या राखेत वाळूसारखी सिलिका असते, ती नळ्या घासते. बॉयलर घेताना त्याच इंधनावर चाललेला बॉयलर स्वतः बघून या.

प्रश्न : माझा भाऊ जर्मनीत म्युनिकजवळ राहतो. तो म्हणतो, तिथे छोट्या हॉटेलांनाही अशा यंत्रासाठी सरकार पैसे देतं. आपल्याकडे तसं का नाही?

उत्तर : भाऊ बरोबर सांगतोय. जर्मनीच्या २०२० च्या कायद्याप्रमाणे वीज आणि उष्णता एकत्र देणाऱ्या ५० किलोवॉटपर्यंतच्या नव्या इंजिनाला वीजजाळ्यात दिलेल्या प्रत्येक युनिटमागे १६ सेंट आणि स्वतः वापरलेल्या युनिटमागे ८ सेंट मिळतात, पूर्ण भाराच्या ३० हजार तासांपर्यंत. तिथे यंत्र बसवण्याचे नाही, चालवण्याचे पैसे मिळतात. मला ती पद्धत जास्त आवडते, कारण बंद पडलेल्या यंत्राला काहीच मिळत नाही. पण तिथे थंडीत अख्खी इमारत तापवावी लागते, त्यामुळे इंजिनाची उष्णता महिनोन्‌महिने कामी येते. आपल्याकडच्या हॉटेलात गरम पाण्यापुरतीच गरज. लॉन्ड्री मोठी असेल किंवा त्या उष्णतेवर थंडावा देणारं शोषण-चिलर लावणार असाल, तरच इथे असं इंजिन परवडेल. तुमचं हॉटेल असेल, तर तिथे रोज किती लिटर गरम पाणी लागतं, ते मला कळवा, मग पुढचं बोलू.