ऑक्सिमीटर ८६ दाखवतोय म्हणून फ्लो वाढवू का?

भाऊ, आई चोपड्याला, डॉक्टर नाशिकला, तुम्ही पुण्यात. आईला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन) आहे, आणि सकाळी ८६ तर दुपारी ९३ येतं म्हणून फ्लो (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा ते) वाढवायचं विचारताय. मनानं वाढवू नका.

आधी आकडा खरा आहे का ते बघा. थंडीत भांडी घासून आलेलं गार बोट, नखावरची मेंदी, दोन्हींनी आकडा खाली येऊ शकतो. यंत्र उलट्या बाजूनं वाचलं तर ९८ चे ८६ दिसतात, हेही होतं! पाच मिनिटं टेकून बसवा, हात चोळून गरम करा, मधलं बोट घाला, मिनिटभरानं स्थिरावलेला आकडा घ्या. रोज ठरलेल्या वेळी. शेजारी 'बसून की चालून' आणि 'ऑक्सिजन किती लिटरवर' हे लिहिलं नसेल, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या नुसत्या आकड्यावरून डॉक्टर काय ठरवणार?

सीओपीडीत ऑक्सिजन चालू असताना बहुधा ८८ ते ९२ एवढंच ठेवतात. ९८ च्या मागे लागून फ्लो वाढवला, तर काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो: सकाळी डोकं जड, गुंगी, बरळणं. आईची मर्यादा आणि फ्लो डॉक्टरांकडून लिहून घ्या, कागद मशीनवरच चिकटवा.

बिघाड कधी कधी आकड्याआधी बेडक्यात दिसतो. धाप वाढली, बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी फोन करा. पांढऱ्या कागदावर, उजेडात काढलेला फोटो पाठवा. बसल्या जागी वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडले किंवा ती गुंगीत गेली, तर व्हिडिओ कॉल नको, थेट १०८.

आई पंप (इन्हेलर) घेताना व्हिडिओवर बघा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून एक दाब, सावकाश श्वास आत, दहा सेकंद रोखायचा. दोन दाब एकदम मारले की औषध स्पेसरलाच चिकटतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ.

नळी नाकात असताना चूल, अगरबत्ती जवळ नको. पऱ्हाटीवर वांगी भाजायलाही दुसरं कुणी बसू द्या, भरीत तिला आयतं मिळू दे.

लाईटचंही बघा. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची नवी बॅटरीही तीनेक तासच पुरते. बी-टाइप आकाराचा ऑक्सिजन सिलिंडर भरून ठेवा, दोन लिटरवर साधारण बारा तास जातो. रेग्युलेटर आणि पाना त्यालाच बांधून ठेवा, ऐनवेळी पानाच सापडत नाही.