फेंटॅनिलला रक्तातच अडवणारी प्रतिपिंडे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. पाठदुखीसाठी घेतलेल्या ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्यांची त्याला सवय लागली आणि पुढे तो फेंटॅनिल या त्याच वर्गातल्या, पण कितीतरी तीव्र कृत्रिम द्रव्यापर्यंत गेला. एकदा बेशुद्ध पडला, तेव्हा नाकात मारायच्या नॅलोक्सोन या उताऱ्याच्या फवाऱ्याने वाचला. आता तो ब्युप्रेनॉर्फिन हे व्यसनावरचे औषध घेतो. फेंटॅनिलपासून दीर्घकाळ संरक्षण देणारे प्रतिपिंडांचे (अँटीबॉडीजचे) इंजेक्शन येत आहे, असे वाचले. ते मिळाले तर त्याला ब्युप्रेनॉर्फिन सोडता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. ब्युप्रेनॉर्फिन त्याने स्वतःहून मुळीच थांबवू नये, हे आधी सांगतो, कारण या औषधावर किंवा मेथाडोन या तशाच दुसऱ्या औषधावर असलेल्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे निम्म्याने कमी होतात, आणि ते मध्येच सोडल्यावर अशी द्रव्ये झेलण्याची शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने पूर्वीचीच मात्राही जीवघेणी ठरू शकते.

आता इंजेक्शनाविषयी. फेंटॅनिलचा रेणू इतका लहान असतो की आपली प्रतिकारयंत्रणा त्याची दखलच घेत नाही. म्हणून लस करताना तशाच रचनेचा रेणू एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात, म्हणजे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. दुसरा मार्ग प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे थेट शिरेतून देण्याचा. प्रतिपिंड फेंटॅनिलच्या चारशेपटींहून अधिक जड असते. त्याला चिकटलेले फेंटॅनिल रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही आणि श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचत नाही. नॅलोक्सोनचे काम याहून वेगळे आहे : ते मेंदूतल्या ग्राहींवरून, म्हणजे द्रव्य जिथे चिकटून परिणाम करते त्या जागांवरून, फेंटॅनिलला हटवते, पण त्याचा प्रभाव साधारण ३० ते ९० मिनिटेच टिकतो, तर प्रतिपिंडे रक्तात काही आठवडे राहतात.

ही कल्पना जुनी आहे. मॉर्फिनविरुद्ध लस दिलेल्या माकडाचे हेरॉइन घेणे कमी झाल्याचे १९७४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुढचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. कोकेनवरील लशीच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेशी प्रतिपिंडे फक्त ३८ टक्के लोकांत तयार झाली, आणि निकोटिनवरील लस २०११ मध्ये अंतिम टप्प्यात अपयशी ठरली. तयार प्रतिपिंडे देण्याकडे संशोधक वळले, त्यामागे हेही एक कारण आहे, कारण त्यांत रुग्णाच्या शरीराने किती प्रतिसाद दिला यावर काही अवलंबून राहत नाही. फेंटॅनिलविरोधी सीएसएक्स-१००४ या प्रतिपिंडाने माकडांमध्ये श्वास मंदावण्यापासून संरक्षण दिले आणि २०२३ मध्ये त्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या, पण हे लिहीत असताना ते उपचारासाठी बाजारात उपलब्ध नाही.

उद्या ते मिळाले तरी काही मर्यादा राहतील. एका प्रतिपिंडाला फेंटॅनिलचे दोनच रेणू धरता येतात, त्यामुळे फार मोठी मात्रा घेतल्यास संरक्षण अपुरे पडते. आणि हेरॉइन किंवा निटाझिन या कृत्रिम अफूवर्गीय गटासारखी वेगळ्या रचनेची द्रव्ये त्यातून निसटतात. मुख्य म्हणजे मेंदूतली ओढ त्याने कमी होत नाही. ब्युप्रेनॉर्फिन नेमकी तीच ओढ शमवते. रचना वेगळी असल्यामुळे ही प्रतिपिंडे ब्युप्रेनॉर्फिनला किंवा नॅलोक्सोनला सहसा धरत नाहीत, म्हणून दोन्ही उपचार एकत्र देण्याचा विचार होतो, एक सोडून दुसरा घेण्याचा नव्हे.

माझ्या मते या इंजेक्शनाचा सर्वांत मोठा लाभ तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकतेच बाहेर पडलेल्यांना होईल, कारण तेव्हा सहनशक्ती घटलेली असते आणि पहिल्या काही आठवड्यांत मृत्यूचा धोका फार वाढतो. अमेरिकेत २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे गेली, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मृत्यूंत फेंटॅनिलसारखी कृत्रिम द्रव्ये होती.

नॅलोक्सोनचा फवारा तिथे २०२३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. तो भावाच्या घरी असावा, आणि सोबत राहणाऱ्यांना तो वापरता यावा, कारण बेशुद्ध माणूस स्वतः फवारा घेऊ शकत नाही. फवारा दिल्यावरही रुग्णवाहिका बोलावणे आवश्यक आहे. त्याचा असर ओसरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो.