व्यवसायात नफा घेणं नैतिक आहे का? नफा म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या खिशातलेच पैसे ना?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, नफा म्हणजे समोरच्याचं नुकसानच असतं का. दुसरी, नवा व्यवसाय सुरू करताना किती टक्के नफा ठेवला तर मनाला टोचणार नाही. मी व्यवसायांचे हिशेब तपासण्याचं काम करतो, त्यामुळे टक्क्यांचं उत्तर माझ्याकडे तयार असेल असं वाटेल. ते नाही, पण आधी पहिला प्रश्न.

राजीखुशीच्या व्यवहारात दोघांचाही फायदा असतो, नाहीतर तो व्यवहार होणारच नाही. फरक इतकाच की विकणाऱ्याचा फायदा वहीत उतरतो आणि घेणाऱ्याचा कुठेच लिहिला जात नाही. म्हणून नफा एकतर्फी दिसतो. विल्यम नॉर्डहाउस या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या १९४८ ते २००१ या काळाचा अंदाज मांडला होता. नव्या तंत्रज्ञानातून समाजाला जेवढा लाभ झाला, त्यातला जेमतेम २.२ टक्के हिस्सा ते तंत्रज्ञान आणणाऱ्यांकडे नफा म्हणून राहिला. बाकीचा स्वस्त आणि चांगल्या वस्तूंच्या रूपात लोकांकडे गेला. हा अंदाज आहे, नेमक्या आकड्यावर वाद घालता येईल, पण त्याची दिशा मला पटते.

तोट्यातल्या धंद्याला आपण उगाच सज्जन समजतो. तोटा म्हणजे जेवढ्या मोलाचा माल, वीज आणि माणसांचे कष्ट वापरले, त्याहून कमी मोलाचं काहीतरी तयार झालं. ती तूट कुणीतरी भरतंच. बहुतेक वेळा पगार अडकलेला कामगार किंवा बिल थकलेला पुरवठादार.

इन्सुलिनचं उदाहरण नेहमी नफ्याच्या विरोधात दिलं जातं. १९२३ मध्ये संशोधकांनी त्याचं पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलर घेऊन दिलं, आणि ते थोरपणाचंच होतं. पण विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला पुरेसं इन्सुलिन बनवता येत नव्हतं. मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन एलाय लिली या कंपनीच्या मदतीने जमलं, आणि ती कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती. रुग्णाला दोघांचीही गरज होती.

आता दुसरी बाजू. वरचं सगळं 'राजीखुशीच्या' या एका शब्दावर उभं आहे, आणि तो शब्द बऱ्याचदा खोटा असतो. २०१५ मध्ये अमेरिकेत ट्युरिंग नावाच्या कंपनीने डॅराप्रिम या औषधाचे हक्क विकत घेतले आणि १३.५० डॉलरची गोळी ७५० डॉलरला विकायला सुरुवात केली. औषध १९५३ पासून बाजारात होतं, पेटंट केव्हाच संपलं होतं. गोळीत काडीचाही बदल नव्हता. मग दुसऱ्या कुणी स्वस्तात का नाही बनवली? कारण चाचणीसाठी लागणाऱ्या गोळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत, अशीच वितरणाची व्यवस्था कंपनीने केली होती. २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या माजी प्रमुखाला, मार्टिन श्क्रेलीला, सुमारे साडेसहा कोटी डॉलर परत करायला सांगितले आणि औषध उद्योगात आयुष्यभराची बंदी घातली. ठपका होता स्पर्धा अडवल्याचा. भाव वाढवणं हा तिथे गुन्हा नव्हता. मला ही रेघ बरोबर ठिकाणी ओढलेली वाटते, जरी त्या भावाची चीड मलाही येते.

याहून फसवा प्रकार म्हणजे घेणारा खूश, देणारा खूश, आणि खर्च तिसऱ्याच्या माथी. पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची कल्पना १९२१ ची. इंजिनाची खडखड थांबली, गाडीवाल्याची तक्रार नव्हती, कंपन्यांनी भरपूर कमावलं. किंमत मोजली रस्त्याकडेच्या मुलांच्या मेंदूंनी, आणि त्यांची सही कुठल्याच व्यवहारावर नव्हती. शेवटच्या देशात, अल्जीरियात, हे पेट्रोल बंद व्हायला २०२१ उजाडलं. असा नफा हिशेबाच्या वहीत अगदी स्वच्छ दिसतो, कारण वहीत तिसऱ्याचं खातंच नसतं. नंतर त्यातून मोठी देणगी दिली तरी माझ्या लेखी हिशेब जुळत नाही.

म्हणून 'किती टक्के' या प्रश्नाला मी बगल देतोय असं समजू नका. टक्केवारी ठरवून देण्याचा प्रयत्न जुना आहे. कौटिल्याने देशी मालावर ५ टक्के आणि परदेशी मालावर १० टक्के नफा नेमून दिला होता. परदेशी मालाला जास्त, यात लांबच्या वाटेची जोखीम त्यालाही मान्य होती असं मी समजतो. पण जोखीम धंद्यागणिक बदलते. रोज खपणाऱ्या मालावर ५ टक्के पुष्कळ झाले. दहातले आठ प्रयोग फसतात अशा कामात उरलेल्या दोनांवर पन्नास टक्केही कमी पडतील.

तुम्ही सुरुवातच करताय, तर माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. पत्रकात नफा घसघशीत दिसला की मी आधी देणी उघडतो. बऱ्याचदा तिथे छोट्या पुरवठादारांची बिलं महिनोन्महिने पडून असतात, कारण मोठ्या गिऱ्हाइकाला तगादा लावायची त्यांची हिंमत नसते. कायद्याने चोरी नाही. पण एकाचा धंदा दुसऱ्याच्या बिनव्याजी पैशावर चाललेला असतो, आणि तो दुसरा त्याच पैशासाठी बँकेला व्याज भरत असतो. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "सगळेच असं करतात," आणि ते बऱ्यापैकी खरंही असतं. तुमचा भाव काय ठेवायचा ते बाजार लवकरच शिकवेल. बिलं किती दिवसांत द्यायची हे मात्र पहिल्याच महिन्यात ठरवा, लेखी, आणि नफा मोजायचा तो ती दिल्यानंतरचा मोजा.